यकृतपेशींचे सहसंवर्धन आणि आपल्या औषधांची विषपरीक्षा

गेल्या काही वर्षांत आयुर्वेदीय औषधांच्या माहितीपत्रकांतून एक नवे विधान दिसू लागले आहे: ‘यकृतपेशींवर परीक्षित, निर्धोक’. काही पत्रकांत त्याच्या जोडीला ‘हेप-जी-२’ हे नावही असते. वैद्य ते वाचून निश्चिंत होतात, औषधविक्रेते ग्राहकास दाखवितात आणि रुग्णालाही ‘प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे’ असे समाधान मिळते. हे विधान नेमके किती सांगते, ते कोणत्या परीक्षणावर आधारलेले असते आणि त्याहून अधिक विश्वसनीय परीक्षण कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचाराची निकड आपल्या व्यवसायाला अलीकडेच जाणवली आहे. कोविडच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी घेतला गेला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल सेवन केलेले, कामिला आणि यकृतशोथ झालेले सहा रुग्ण आढळले व त्यांचा वृत्तांत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांची एकत्रित माहिती प्रकाशित झाली. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये यावर हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, याची निश्चिती झालेली नव्हती, हा त्या हरकतीतील मुख्य मुद्दा होता. हरकत रास्त होती. परंतु ‘आमच्या औषधाने काही होत नाही’ हे सिद्ध करण्याचे साधनही त्या वेळी आपल्या हाती नव्हते, हे मान्य केले पाहिजे. ज्यांच्याकडे अहवाल होते, ते अहवाल या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणाऱ्या परीक्षणाचे नव्हते.

यकृतात कोण कोण राहते

चरकाचार्यांनी यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मूलस्थाने सांगितली. सुश्रुताचार्यांनी रंजक पित्ताचे स्थान तेथेच मानले. आधुनिक शरीररचनाशास्त्र याच अवयवाकडे पेशींच्या दृष्टीने पाहते, तेव्हा एका गोष्टीकडे आपण विशेष लक्ष द्यावे. यकृत म्हणजे एकाच प्रकारच्या पेशींचा गोळा नव्हे. यकृताच्या आकारमानाचा सुमारे ८० टक्के भाग मुख्य यकृतपेशींनी, म्हणजे हिपॅटोसाइटनी व्यापलेला असतो. पण संख्येने पाहिल्यास त्या सुमारे ६० टक्केच भरतात. उरलेल्या पेशी लहान असल्या तरी त्यांची कामे मोठी आहेत. रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म पोकळ्यांचे अस्तर असलेल्या पेशी रक्त व यकृतपेशी यांमधील देवघेव सांभाळतात. कुप्फर पेशी या यकृतातील भक्षकपेशी; आतड्यांतून येणारे जंतूंचे अंश त्या गिळतात आणि प्रसंगी शोथाचे संदेश सोडतात. तारकाकृती पेशी जीवनसत्त्व ‘अ’ साठवितात आणि यकृताला वारंवार इजा झाली तर तंतुमय ऊती निर्माण करून त्याला कठीण करतात.

पोटातून गेलेले औषध प्रतिहारिणी सिरेने प्रथम यकृतात येते. तेथे सायटोक्रोम पी-४५० या गटातील विकरे त्याचे रूपांतर करतात. या रूपांतराने बहुतेक द्रव्ये निरुपद्रवी होतात, काही मात्र मूळ द्रव्याहून अधिक घातक होतात. पॅरासिटॅमॉलचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. ते स्वतः यकृत मारत नाही. विकरांनी घडविलेला त्याचा एक अल्पायुषी अंश यकृतातील ग्लुटाथायोनचा साठा संपवितो आणि मग पेशी मरतात. तेव्हा विषपरीक्षेसाठी निवडलेल्या पेशीत ही विकरेच नसतील, तर विष तयारच होणार नाही आणि अहवाल ‘निर्धोक’ असाच येईल.

हेप-जी-२ ची मर्यादा

हेप-जी-२ हा पेशीवंश अर्जेंटिनातील एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतातील अर्बुदापासून निर्माण केलेला असून १९७९ पासून शास्त्रीय वाङ्मयात आहे. तो अखंड वाढतो, स्वस्त पडतो, जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत सारखाच वागतो. आपल्या पुण्यात गणेशखिंड येथे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात असलेले राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आपल्या पेशीसंग्रहातून असे पेशीवंश देशभरातील संशोधन संस्थांना पुरविते. ही संस्था मुळात प्राणी-ऊती व पेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणूनच स्थापन झाली होती. त्यामुळे महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रबंधासाठी काढ्यांची वा घनसत्त्वांची पेशीविषाक्तता पाहिली जाते, तेव्हा पेशी बहुधा याच संग्रहातून आलेल्या असतात.

पेशी चांगल्या असतात. प्रश्न त्यांना काय विचारले जाते याचा आहे. हेप-जी-२ मध्ये सायटोक्रोम विकरांची पातळी प्रौढ यकृतापेक्षा फारच कमी असते. अर्बुदातील पेशी वाढण्यात गुंतलेल्या असतात, यकृताची कामे त्या बऱ्याच अंशी विसरलेल्या असतात. पॅरासिटॅमॉलसारखे सर्वज्ञात यकृतविषही या पेशींवर परिणाम दाखविण्यासाठी अतिशय मोठ्या प्रमाणात घालावे लागते. शिवाय परीक्षण बहुधा २४ ते ७२ तासांचे असते. आपले रसायनकल्प रुग्ण महिनोन् महिने घेतो. तीन दिवसांत पेशी मेल्या नाहीत, एवढ्यावर त्याचा निवाडा कसा व्हावा?

म्हणून आमचे मत असे की ‘हेप-जी-२ वर निर्धोक’ या विधानाचा अर्थ ‘हे द्रव्य थेट व तीव्र पेशीनाशक नाही’ इतकाच घ्यावा. तोही निरुपयोगी नाही. एखाद्या कल्पात अशुद्धी वा भेसळ असून ती सरळ पेशी मारत असेल, तर ती येथे पकडली जाते. मात्र यकृताच्या सुरक्षिततेची हमी त्यातून मिळत नाही.

सोबत मिळाली की पेशी टिकते

मग ताज्या, प्रौढ यकृतपेशीच का वापरू नयेत? १९६९ मध्ये बेरी व फ्रेंड या संशोधकांनी कोलॅजिनेज विकराच्या साहाय्याने उंदराच्या यकृतातून जिवंत पेशी सुट्या करण्याची रीत प्रसिद्ध केली आणि त्यानंतर अशा पेशी मिळू लागल्या. अडचण निराळीच निघाली. यकृतातून काढून काचपात्रात एकट्या ठेवलेल्या या पेशी काही दिवसांतच आपले स्वरूप हरवतात. अल्ब्युमिन बनविणे मंदावते, सायटोक्रोम विकरे घटतात, पेशी चपट्या होतात. म्हणजे जिवंत असूनही ती यकृतपेशी राहत नाही.

फ्रान्समधील रेन येथील गुगेन-गियुझो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये यावर उपाय दाखविला. त्यांनी प्रौढ उंदराच्या यकृतपेशींसोबत यकृतातीलच दुसऱ्या प्रकारच्या, आवरणपेशींच्या जातीच्या पेशी त्याच पात्रात वाढविल्या. शेजारी मिळताच यकृतपेशी आठवडेच्या आठवडे अल्ब्युमिन बनवीत राहिल्या. दोन प्रकारच्या पेशी एकत्र वाढविण्याच्या या पद्धतीस सहसंवर्धन म्हणावे. शेजारच्या पेशीचा स्पर्श, तिने सोडलेले स्राव आणि तिने विणलेले तंतुजाल या तिन्हींचा आधार यकृतपेशीला लागतो, असे यातून दिसून आले.

पुढचा महत्त्वाचा टप्पा २००८ चा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये सलमान खेतानी व संगीता भाटिया यांनी पात्राच्या तळावर कोलॅजेनचे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास व्यासाचे ठिपके छापले. मानवी यकृतपेशी त्या ठिपक्यांवर बसविल्या आणि मधल्या रिकाम्या जागेत उंदराच्या संयोजी ऊतीतील फायब्रोब्लास्ट पेशी सोडल्या. किती पेशी एकमेकींना लागून असाव्यात आणि किती शेजारणींना लागून, हे प्रमाण अशा रीतीने हाती ठेवता आले. या बेटांवरील यकृतपेशी कित्येक आठवडे कार्यक्षम राहतात. त्यामुळे तेच द्रव्य रोज वा एक दिवसाआड पुन्हा पुन्हा घालून दीर्घ सेवनाचा परिणाम पाहता येतो.

दीर्घ सेवनाचा मुद्दा किती गंभीर आहे, हे फियालुरिडीन या औषधाने दाखविले. यकृतशोथ ‘ब’ वरील या औषधाची अमेरिकेत १९९३ मध्ये १५ रुग्णांवर चाचणी सुरू होती. पूर्वीच्या प्राणिपरीक्षणांत यकृताचा धोका दिसला नव्हता. कित्येक आठवड्यांच्या सेवनानंतर सात जणांना गंभीर यकृतविकार झाला, पाच दगावले आणि दोघे यकृत बदलल्यामुळे वाचले. हे विष पेशीतील सूत्रकणिकांवर हळूहळू काम करते. दीर्घकाळ टिकणाऱ्या यकृतपेशी-संवर्धनांत ते आज दिसते, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत नव्हे.

विष एका पेशीत बनते, मरते दुसरी

सहसंवर्धनाचा दुसरा उपयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो, कारण त्याचा संबंध थेट वनौषधींशी आहे. १९७५ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात आदिवासी गावांमध्ये पोट फुगून, जलोदर होऊन माणसे मरू लागली. साठाहून अधिक लोक आजारी पडले आणि त्यांतील सुमारे चाळीस टक्के दगावले. शोध घेता गोंदली या धान्यात क्रोटोलारिया वर्गातील, म्हणजे आपल्या खुळखुळ्याच्या जातभाईंतील तणाचे बी मिसळलेले आढळले. या बियांत पायरोलिझिडीन नावाची अल्कलॉइडे असतात. भुरुंडीच्या, म्हणजे हेलिओट्रोपियमच्या वर्गातही ती सापडतात आणि त्या वर्गातील वनस्पतीच्या औषधी सेवनानेही असाच विकार झाल्याच्या नोंदी भारतात आहेत.

ही अल्कलॉइडे मूळ रूपात फारशी क्रियाशील नसतात. यकृतपेशीतील सायटोक्रोम विकरे त्यांचे तीव्र विषात रूपांतर करतात आणि ते विष बाहेर पडून शेजारच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींना मारते. वाहिन्या बुजतात, यकृतात रक्त तुंबते आणि जलोदर होतो. आता हे परीक्षण एकट्या अस्तरपेशींवर केले तर विकरांअभावी विषच बनत नाही. हेप-जी-२ वर केले तरी फारसे काही दिसत नाही. कार्यक्षम यकृतपेशी आणि अस्तरपेशी शेजारी असतील तेव्हाच ही घटना पात्रात घडते.

तिसरा प्रकार शोथाचा. ट्रोव्हाफ्लॉक्सासिन हे जंतुनाशक १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत मान्य झाले आणि यकृत निकामी झाल्याच्या घटनांमुळे १९९९ मध्ये त्याच्या वापरावर कठोर निर्बंध आले. एकट्या यकृतपेशींवर हे औषध सौम्य भासते. भक्षकपेशी सोबत ठेवून त्यांना जंतूंच्या अंशाने चेतविले, म्हणजे रुग्णाच्या अंगात आधीच शोथ असल्यासारखी स्थिती निर्माण केली, की त्याच मात्रेत यकृतपेशी मरतात. त्याच वर्गातील लेव्होफ्लॉक्सासिन मात्र तसे करीत नाही. ज्वरावस्थेत, आमावस्थेत द्यावयाच्या औषधांचा विचार करणाऱ्या वैद्याला यातील मर्म वेगळे सांगावयास नको.

अलीकडे या पेशी सूक्ष्म नलिका असलेल्या पारदर्शक पट्टीवर बसवून त्यांतून पोषकद्रव वाहता ठेवतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा ८७० पट्ट्यांवर २७ औषधे तपासली गेली. यकृताला घातक ठरलेल्या औषधांपैकी ८७ टक्के ओळखली गेली आणि निर्धोक औषधांपैकी एकालाही चुकून घातक ठरविले गेले नाही. ही औषधे एकेका शुद्ध रसायनाची होती, हे ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

काढा पात्रात घालताना

येथे आपल्या औषधांच्या खऱ्या अडचणी सुरू होतात. बहुतेक अहवालांत त्यांचा उल्लेखही नसतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली अडचण द्रावकाची. ग्रंथोक्त काढा पाण्याचा असतो. प्रयोगशाळेत पुष्कळदा तेच द्रव्य मिथेनॉलमध्ये काढून, सुकवून, डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून पेशींवर घालतात. मिथेनॉलमध्ये उतरणारे घटक आणि पाण्यात उतरणारे घटक एक नव्हेत. मग अहवाल ज्या औषधाचा, ते औषध रुग्ण घेतच नाही. अहवालावर ‘अर्क’ एवढाच शब्द असेल तर तो कोणत्या द्रावकाचा, हे विचारल्याशिवाय तो स्वीकारू नये.

दुसरी अडचण रंगाची. पेशी जिवंत आहेत किंवा नाहीत हे पाहण्यासाठी एम.टी.टी. नावाची परीक्षा सर्वाधिक प्रचलित आहे. जिवंत पेशी एका पिवळ्या द्रव्याचे जांभळ्यात रूपांतर करतात आणि जांभळा रंग जितका गडद तितक्या पेशी जिवंत, असे मानतात. पण हरीतकी, अर्जुन यांसारख्या कषायरसप्रधान द्रव्यांतील काही घटक पेशी नसतानाही तोच जांभळा रंग आणू शकतात. पेशी मेलेल्या असतात आणि यंत्र त्यांना जिवंत म्हणते! त्यामुळे पेशीविरहित पात्रात तेच औषध घालून केलेली तुलना अहवालात हवीच. शिवाय पेशीतील ए.टी.पी. मोजणे, बाहेर झिरपलेले एल.डी.एच. मोजणे अशी निदान एक निराळ्या तत्त्वावरील परीक्षा जोडीला असावी. सहसंवर्धनात तर अल्ब्युमिन व युरिया यांचे उत्पादनही पाहतात, कारण पेशी मरण्याच्या पुष्कळ आधी तिचे काम मंदावते.

तिसरी अडचण गाळण्याची. पेशीसंवर्धनात जंतू चालत नाहीत, म्हणून द्रव ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घेतात. काढ्याला ते चालते. भस्माचे काय? गाळणीवर राहिले ते औषध आणि खाली उतरले ते पाणी, अशी स्थिती होते. न गाळता घातले तर कण पेशींवर बसतात आणि प्रकाशावर चालणाऱ्या मापनात अडथळा आणतात. तेल व घृतकल्प पोषकद्रवात मिसळतच नाहीत. रसकल्पांचे व स्नेहकल्पांचे ‘पेशीपरीक्षित’ म्हणून आलेले अहवाल आम्ही म्हणूनच दोनदा वाचतो.

चौथी व सर्वांत कठीण अडचण मात्रेची. शुद्ध रसायनाच्या बाबतीत ते रक्तात जास्तीत जास्त किती चढते हे ठाऊक असते आणि पेशींवर त्याच्या शंभरपटीपर्यंत मात्रा घालून पाहण्याचा प्रघात आहे. त्रिफळेच्या बाबतीत ‘रक्तातील त्रिफळा’ असे काही मोजता येत नाही. शिवाय आतड्यातील जंतू औषध बदलतात. सोनामुखीतील सेनोसाइड मोठ्या आतड्यात जंतूंनी फोडल्यावरच रेचक होते. ते जसेच्या तसे यकृतपेशीवर घालून काय कळणार? यावर चीन व जपानमधील संशोधकांनी काढलेला एक मार्ग असा की औषध प्राण्यास देऊन, ठराविक वेळाने त्याच्या रक्तातील लस काढून ती पेशींवर घालावयाची. औषध पचून, शोषले जाऊन जे उरले तेच पेशीपर्यंत जाते. दुसरा मार्ग आतड्याच्या पेशींचा थर वर आणि यकृतपेशी खाली, असे सहसंवर्धन करण्याचा. दोन्हींत त्रुटी आहेत, तरी पावडर पाण्यात घोळून पेशींवर ओतण्यापेक्षा दोन्ही बरे.

जे पात्रात दिसणार नाही

गुळवेलीच्या प्रश्नाकडे परत येऊ. नोंदलेल्या पुष्कळ रुग्णांत यकृतशोथाचे स्वरूप स्वप्रतिकारजन्य विकारासारखे होते आणि काहींना असा विकार आधीपासूनच होता. अशी इजा द्रव्याच्या मात्रेपेक्षा रुग्णाच्या प्रकृतीवर अधिक अवलंबून असते. चीनमध्ये पॉलिगोनम मल्टिफ्लोरम या केशवर्धक व बल्य मानल्या जाणाऱ्या मूळद्रव्यामुळे यकृतविकार झालेल्यांत एच.एल.ए.-बी ३५:०१ हा आनुवंशिक विशेष अधिक आढळला, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे हिरव्या चहाच्या अर्काने इजा झालेल्यांतही तोच विशेष दिसला. एका दात्याच्या यकृतपेशी घेऊन केलेले सहसंवर्धन हजारांतील त्या एका रुग्णाविषयी काही सांगू शकत नाही. अनेक दात्यांच्या पेशी आणि सोबत प्रतिकारपेशी घेऊन प्रयत्न चालू आहेत. पण आज तरी हे काम वैद्याच्या दवाखान्यातच व्हावयाचे आहे.

ते कठीण नाही. स्वप्रतिकारजन्य विकार, पूर्वीची कामिला, मद्यपान, सोबत चालू असलेली क्षयरोगाची औषधे यांची चौकशी करावी. दीर्घकाळ द्यावयाच्या औषधापूर्वी यकृताच्या रक्ततपासण्या करून ठेवाव्यात. अरुची, हृल्लास, कंडू, पीतमूत्रता दिसताच औषध थांबवून तपासणी करावी. ए.एल.टी. सामान्य मर्यादेच्या तिप्पट आणि त्याबरोबर बिलिरुबिन दुप्पट झाले असेल तर रुग्ण यकृततज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब करू नये. आयुष औषधांच्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमात संशयित प्रतिक्रियेचा तक्ता भरून पाठवावा. पाठविल्याने आयुर्वेदाची बदनामी होते, ही समजूत आम्हांस मान्य नाही. आपण नोंद केली नाही तर ती दुसरे कोणी करतात, आणि त्यात वनस्पतीची ओळख, कल्प, अनुपान, मात्रा यांपैकी काहीच नसते.

फार्मसी चालकांनी काय विचारावे

कायद्याची स्थिती अशी. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील २०१० मध्ये आलेल्या नियम १५८-ब नुसार ग्रंथोक्त औषधांच्या परवान्यासाठी सुरक्षिततेच्या अभ्यासाची अट नाही. अनुसूची ई-१ मधील वत्सनाभ, भल्लातक, कुचला, पारद यांसारखी द्रव्ये असलेल्या पेटंट वा प्रोप्रायटरी औषधांना ती आहे आणि पाणी वा जलमिश्रित अल्कोहोल सोडून अन्य द्रावकांनी काढलेल्या अर्कांना तर अधिक विस्तृत परीक्षणे लागतात. मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशींवरील व अवयवसदृश पट्ट्यांवरील परीक्षणे प्राणिपरीक्षणाला पर्याय म्हणून मान्य झाली. हे नियम आपल्या ग्रंथोक्त औषधांना लागू नाहीत. तथापि परीक्षणाचा जो दर्जा इतर औषधांसाठी रूढ होईल, त्याच दर्जाने परदेशी ग्राहक व न्यायालये आपल्यालाही तोलतील, असे आम्हांस दिसते.

प्रयोगशाळेत नमुना पाठविण्यापूर्वी त्याची ओळख पटवून घ्यावी. या बाबतीत पुणेकर भाग्यवान आहेत. आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र ही दोन्ही शहरातच आहेत. टिनोस्पोराच्या दोन जातींतला भेद जेथे ओळखता येतो त्या गावात राहून ओळख न पटविलेली गुळवेल पेशींवर घालणे शोभत नाही. त्यानंतर प्रयोगशाळेस विचारावे: पेशी कोणत्या, एकट्या की सहसंवर्धनातील? त्यांत सायटोक्रोम विकरे कार्यरत असल्याचे त्याच तुकडीत पाहिले आहे का? परीक्षण किती दिवसांचे आणि औषध किती वेळा घातले? ज्ञात यकृतविष आणि ज्ञात निर्धोक द्रव्य तुलनेस ठेवले होते का? ज्ञात विषानेही ज्या पेशी मेल्या नाहीत, त्या पेशींवर आपले औषध निर्धोक ठरले यात नवल ते काय?

खर्चाचा प्रश्न खरा आहे. मानवी यकृतपेशी महाग, त्या परदेशातून थंड साखळीत आणाव्या लागतात आणि एकेका दात्याच्या पेशींचा साठा संपतो. लहान फार्मसीला हे एकटीने झेपणार नाही. मात्र प्रत्येक उत्पादनाची परीक्षा करण्याचीही गरज नाही. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी पुरस्कारिलेल्या उलट औषधशास्त्राच्या मार्गानुसार दवाखान्यातील अनुभवापासून प्रारंभ करून प्रयोगशाळेकडे जावे. ज्या द्रव्यांविषयी शंका नोंदल्या गेल्या आहेत, ती आधी घ्यावीत.

आमच्या मते त्यांत पहिला क्रम बावचीचा. श्वित्रात ती आपण सर्वच वापरतो. ती अनुसूची ई-१ मध्ये नाही. तरीही तिच्या सेवनानंतर यकृतविकार झाल्याचे वृत्तांत २००५ मध्ये कोरियातून व २००९ मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झाले. जर्मनीतील रुग्णा श्वित्रासाठीच आयुर्वेदीय औषधे घेत होती आणि त्यांत बावची होती. बावचीतील सोरालेनसारख्या घटकांचे यकृतातील विकरे क्रियाशील रूपांतर करतात, तेव्हा विकरहीन पेशींवरील अहवाल येथे विशेष फसवा ठरेल. ग्रंथांत बावचीच्या शोधनाचे विधान आहे आणि पुष्कळ फार्मसी गोमूत्रात शोधन करतात. काही करीत नाहीत. शोधनाने यकृतावरील परिणाम कमी होतो का, हा प्रश्न सहसंवर्धनात विचारता येण्याजोगा आहे आणि त्याचे उत्तर आपल्याला दुसरे कोणी देणार नाही.

चार-पाच फार्मसींनी एकत्र यावे. एकाच ठिकाणचे, ओळख पटविलेले बावचीचे बी घेऊन त्याचे दोन भाग करावेत, एक अशोधित आणि एक शोधित. दोहोंचे चूर्ण व काढा करून, सोरालेनचे प्रमाण मोजून, त्यांवर केवळ क्रमांक घालून प्रयोगशाळेस द्यावे, जेणेकरून परीक्षकास कोणता नमुना कोणता हे कळणार नाही. गोमूत्राचा स्वतःचा काही परिणाम आहे का हे पाहण्यासाठी तिसरा नमुना केवळ गोमूत्रात भिजवून सुकविलेल्या एखाद्या निरुपद्रवी बीजाचा असावा. परीक्षण यकृतपेशी व भक्षकपेशींच्या सहसंवर्धनात, किमान दोन आठवडे, पुनःपुन्हा औषध घालून व्हावे आणि हेप-जी-२ वरील परीक्षणही जोडीला असावे, म्हणजे दोन्हींतील फरक सर्वांस दिसेल. निष्कर्ष कोणताही आला तरी प्रसिद्ध करण्याचे आधीच लेखी ठरवावे. प्रत्येक नमुन्याचा एक भाग बंद बाटलीत, तुकडी क्रमांक व दिनांक घालून, पुनर्तपासणीसाठी फार्मसीत जपून ठेवावा.